गुरुवारची चारची वेळ

फेब्रुवारी लागला की माझ्या ऑफिसात खोकी यायला लागतात. अल्बुकर्की शहरात मी लोकांची करविवरणपत्रं भरून देते. बहुतेक जण हल्ली सगळं ई-मेलने पाठवतात, पण न्यू मेक्सिकोच्या लहान गावांतली माणसं अजून बुटांच्या खोक्यात पावत्या भरून आणतात. काही वर्षांपूर्वी अशा एका खोक्यात पावत्यांच्या वर एक निळी डायरी ठेवलेली होती. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एका गावात समुपदेशनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईंची ती. प्रत्येक तासापुढे आद्याक्षरं आणि काही आद्याक्षरांपुढे पेन्सिलीने काढलेला छोटा तारा.

"तारा म्हणजे फौजेतून आलेला माणूस," त्या म्हणाल्या. वर्षभराचे तारे आम्ही दोघींनी मिळून मोजले. तीनशेच्या वर भरले. त्यातल्या निम्म्या तासांचेही पैसे आलेले नव्हते. काहींकडे विमा नव्हता, काहींचे कागद कुठल्या तरी टेबलावर अडकले होते आणि काहींकडे त्यांनी पैसे मागितलेच नव्हते. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "या ताऱ्यांचं विवरणपत्रात काय करायचं?"

मी म्हटलं, काही नाही. त्यांच्यासाठी रकानाच नाही.

माजी सैनिकांवर मानसोपचार करणाऱ्या व्यावसायिकांना राज्यांनी करात सवलत द्यावी की नाही, दिली तर कशी, हा या पुस्तकाचा विषय. पुढच्या पानांत कायद्याची कलमं येतील, तक्ते येतील. तिकडे वळण्याआधी हा रकाना का हवा आणि तो कसा आखला तर खरोखर कोणाच्या उपयोगी पडेल, हे मला माझ्या टेबलावरून दिसतं तसं सांगायचं आहे. विषय अमेरिकेचा आहे आणि तो तिथलाच राहू द्यावा असं मला वाटतं. पण मराठी वाचकाला तो परका नाही. पुण्या-ठाण्यात रात्री जागून अमेरिकेची विवरणपत्रं तयार करणारी कितीतरी मराठी मुलंमुली आहेत. इथे अमेरिकेत मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र किंवा समाजकार्यात काम करणारे मराठी लोकही कमी नाहीत.

आधी शब्द नीट समजून घेऊ. भारतात कलम ८० सी खाली गुंतवणूक दाखवली की उत्पन्नातून रक्कम वजा होते आणि उरलेल्यावर कर बसतो, ती वजावट. कलम ८७ ए ची सूट वेगळी. तिथे आधी कर काढतात आणि मग त्या करातूनच रक्कम कमी करतात. अमेरिकेत ज्याला टॅक्स क्रेडिट म्हणतात ते या दुसऱ्या जातीचं. हजार डॉलरच्या वजावटीने राज्याच्या करात चाळीस-पन्नास डॉलर वाचतात, हजार डॉलरच्या क्रेडिटने मात्र पुरते हजार. त्यातही पोटभेद आहेत. काही क्रेडिटं कर शून्यावर आला की थांबतात. काहींची उरलेली रक्कम पुढच्या वर्षांत नेता येते. आणि काहींत कर शून्य झाल्यावर उरलेले पैसे सरकार चेकने हातात देतं. कायदा लिहिताना या तिघांतला फरक एका वाक्याचा असतो, पण त्या डायरीवाल्या बाईंसारख्यांसाठी सगळं त्या एका वाक्यावर ठरतं. त्याकडे पुढे येते.

हा तारा काढावासा का वाटतो, ते आधी सांगायला हवं.

माझं बालपण सातारा जिल्ह्यातलं. घरटी एक माणूस फौजेत, अशी आमच्याकडची गावं. माझे एक चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी पेन्शन घेऊन परतले. काकू त्यांना झोपेतून उठवताना कधी खोलीत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बांगड्या वाजवायच्या, हळू, मग जरा मोठ्याने. आम्हा मुलांना सक्त ताकीद होती, काकांना हात लावून उठवायचं नाही. का, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या गोष्टीला नाव असतं, तिच्यावर इलाज असतो, हे मला तिशी उलटल्यावर दुसऱ्या देशात कळलं.

अमेरिकेतही हे नाव जुनं नाही. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांनी १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शातान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसले. अशा मंडळींच्या रेट्यामुळे १९८० साली पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा मानसिक विकार, अमेरिकेच्या अधिकृत निदान-पुस्तिकेत आला. त्याआधी जे परतले त्यांना नुसतं 'बदललाय तो' एवढंच ऐकायला मिळालं. न्यू मेक्सिकोला हे विशेष ठाऊक आहे. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिन्सच्या बटान द्वीपकल्पावर शरण जावं लागलेल्या सैन्यात या एका राज्यातले सुमारे १,८०० जवान होते. 'मृत्यूची पायपीट' म्हणून ओळखली जाणारी ती सक्तीची चाल आणि साडेतीन वर्षांची कैद सोसून त्यांतले जेमतेम निम्मे घरी आले. लास क्रूसेसजवळच्या व्हाइट सँड्समध्ये दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ लोक वाळवंटातून चालतात. जे परतले त्यांचा पुढचा जन्म कसा गेला, ते त्यांच्या घरच्यांनाच माहीत.

आज नाव आहे आणि इलाजही आहे. पेट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेली एक उपचारपद्धती साधारण १२ बैठकांची आहे. एड्ना फोआ यांची दुसरी पद्धत ८ ते १५ बैठकांची, तिची एकेक बैठक दीड-दीड तासाची. इथे गोळीपेक्षा जास्त लागतो तो वेळ: एकाच प्रशिक्षित माणसाचा, ओळीने, आठवड्यामागून आठवडा. चौथ्या बैठकीनंतर समुपदेशक बदलला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. ज्याला एकदा सांगतानाच घाम फुटतो, तो दुसऱ्यांदा येत नाही. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आपण विकत घ्यायला निघालो आहोत तो वेळ आहे आणि तो सलग हवा.

हा वेळ केंद्र सरकारचं माजी सैनिक खातं देत नाही का? देतं, आणि मोठ्या प्रमाणावर देतं. लोक त्याला नुसतं 'व्हीए' म्हणतात. त्याची १७० हून अधिक रुग्णालयं आहेत, ९० लाखांच्या आसपास माजी सैनिक तिथे नोंदलेले आहेत. त्याखेरीज १९७९ पासून सुरू झालेली 'व्हेट सेंटर' नावाची समुपदेशन केंद्रं आहेत, सुमारे ३००. तिथलं काम मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण न्यू मेक्सिकोत व्हीएचं रुग्णालय एकच, अल्बुकर्कीत. लहान गावांत दवाखाने आहेत, पण प्रत्येक ठिकाणी असे तज्ज्ञ कुठून असणार? कार्ल्सबॅडहून रुग्णालयात यायचं तर गाडीने साडेचार तास, जायचे तेवढेच. पन्नास मिनिटांच्या बैठकीसाठी नऊ तास रस्त्यावर, तेही बारा आठवडे. ज्याची रोजंदारी आहे त्याने हे कसं करावं?

२०१४ साली शेजारच्या ॲरिझोनात फीनिक्सच्या व्हीएमध्ये प्रतीक्षायाद्यांचा घोटाळा उघडकीस आला, त्या खात्याच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर बाहेरच्या डॉक्टरांकडे जाण्याची वाट खुली झाली. २०१८च्या मिशन कायद्याखाली नियम ठरला: मानसोपचारासाठी सरासरी ३० मिनिटांहून जास्त गाडी चालवावी लागत असेल किंवा २० दिवसांहून जास्त थांबावं लागत असेल, तर माजी सैनिकाला गावातल्या खासगी तज्ज्ञाकडे जाता येईल, खर्च व्हीएचा. कागदावर ही वाट रुंद आहे. पण गावात तज्ज्ञच नसेल तर परवानगी घेऊन करायचं काय? मानसोपचार-व्यावसायिकांचा तुटवडा असलेल्या भागांत अमेरिकेतले १२ कोटींहून अधिक लोक राहतात. आणि जे तज्ज्ञ आहेत त्यांचं काय? रँड संस्थेने २०१४ मध्ये ५२२ खासगी मानसोपचार-व्यावसायिकांची पाहणी केली. फौजी जीवनाची पुरेशी जाण, त्या माणसांवर उपचार करण्याची तयारी आणि सिद्ध झालेल्या उपचारांचं प्रशिक्षण, हे सगळं एकत्र असलेले त्यांत अवघे १३ टक्के निघाले.

हा आकडा वाचून मला त्या १३ टक्क्यांबद्दल कृतज्ञता वाटते. उरलेल्यांना दोष द्यावासा वाटत नाही. प्रशिक्षणाचे दिवस म्हणजे कमाई बुडालेले दिवस. व्हीएच्या बाहेरच्या जाळ्यात नाव घालायचं तर कागदपत्रं, मग प्रत्येक रुग्णामागे मंजुरी, मुदत संपली की पुन्हा मंजुरी. फोनवर थांबण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचं बिल कोणालाच लावता येत नाही. शहरात रोख फी देणारे रुग्ण रांगेत उभे असताना हा खटाटोप कोणी करावा? जो करतो तो पदरमोड करून करतो. क्रेडिटचा विचार इथे सुरू होतो, निदान माझा तरी इथेच सुरू झाला. ज्या तासाला आज किंमत नाही, त्याची किंमत कुठे तरी मांडली जावी.

केंद्राचं काम राज्याने का अंगावर घ्यावं, हा आक्षेप प्रत्येक विधिमंडळात येतो. माझ्या मते त्याला नॅशनल गार्डचं उत्तर पुरेसं आहे. पूर, वणवा, दंगल यांत राज्यपालाच्या हुकमावर बाहेर पडणारे हे राज्याचेच सैनिक. केंद्राच्या सेवेत बोलावणं न आल्यामुळे त्यांतल्या अनेकांना व्हीएचं दार बंद असतं. दुसरा गट आणखी दुखरा आहे. सन्मानाने नव्हे, तर गैरवर्तनाच्या शेऱ्यासह ज्यांना सेवेतून काढलं गेलं, ते. दारू, गैरहजेरी, वरिष्ठांवर धावून जाणं. त्यांतल्या कितीकांच्या बाबतीत ते गैरवर्तन म्हणजे आजाराचंच पहिलं लक्षण होतं. २०१७-१८ नंतर त्यांच्या मानसोपचारासाठी काही दारं उघडली, पण खुद्द त्या माणसांनाच ते ठाऊक नसतं. एकदा हाकललेला माणूस पुन्हा त्याच दाराशी जात नाही. राज्याच्या कायद्यात 'माजी सैनिक' कोणाला म्हणायचं हे राज्याच्या हातात असतं. केंद्राची व्याख्या जशीच्या तशी उतरवून घेतली, तर ज्यांना राज्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच पुन्हा उंबऱ्याबाहेर राहतात. मसुदा लिहिणाऱ्यांनी हे कलम घाईत लिहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०२२ साली अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. दिवसाला सरासरी सतरा-अठरा. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी व्हीएकडून उपचार घेतले नव्हते. म्हणजे ती माणसं जर कोणापर्यंत पोचत असतील, तर ती गावातल्या डॉक्टरपर्यंत, समुपदेशकापर्यंत, चर्चमधल्या पाद्र्यापर्यंत. २०२३ पासून एक मोठी सोय झाली. जीव द्यायच्या टोकाला आलेल्या माजी सैनिकाला कुठल्याही रुग्णालयात जाता येतं, ३० दिवस दाखल राहून आणि ९० दिवसांपर्यंत बाहेरून उपचार घेता येतात, फुकट. हे होणं फार गरजेचं होतं. पण एक्क्याण्णवाव्या दिवशी त्याला दर आठवड्याला भेटणारं माणूस त्याच्या गावात लागतंच.

आता प्रत्यक्ष कायदे. माजी सैनिकांच्या उपचाराशी थेट जोडलेल्या क्रेडिटची कल्पना विधेयकांतून पुढे आली आहे. मात्र त्या कल्पनेच्या जवळचे दोन नमुने अनुभवातले आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिला ऑरेगनचा. सैनिक, निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी ट्रायकेअर नावाचा आरोग्यविमा आहे. त्याचे दर कमी म्हणून डॉक्टर ते रुग्ण घ्यायला नाखूश असत. ऑरेगनने असे रुग्ण घेणाऱ्यांना पहिल्या वर्षी २,५०० डॉलरचं आणि पुढच्या वर्षांसाठी १,००० डॉलरचं क्रेडिट देऊन पाहिलं. इथे सवलत ठरत होती रुग्ण कोण यावरून, आणि पहिल्या वर्षी जास्त रक्कम देण्यात शहाणपण होतं, कारण जाळ्यात शिरतानाचा खटाटोप पहिल्याच वर्षीचा असतो. पण कायद्याला मुदत होती. मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, क्रेडिट गेलं. मुदत ठेवणं चूक नाही. लोकांचा पैसा कुठे जातो ते दर काही वर्षांनी तपासायलाच हवं. पण तपासणार कशावरून, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवलं नसेल, तर शेवटच्या दिवशी दाखवायला हातात काही नसतं.

दुसरा नमुना माझ्या राज्याचा. २००७ पासून न्यू मेक्सिकोत ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना, दंतवैद्यांना, मानसशास्त्रज्ञांना ५,००० डॉलर आणि परिचारिका वगैरे काही इतरांना ३,००० डॉलर क्रेडिट मिळतं. इथे रुग्ण कोण हे बघत नाहीत, जागा बघतात. मूळ कायद्यात वर्षाला २,०८० तासांची अट होती. बावन्न गुणिले चाळीस करून पाहा, बरोबर २,०८०. म्हणजे पूर्ण क्रेडिटसाठी वर्षात एक आठवडाही सुट्टी नको. ज्यांच्या थकव्याची आपल्याला काळजी आहे, त्यांनाच अशी अट! तास कमी भरले तर अर्ध्या रकमेची सोय होती, तरी हा आकडा लिहिणाऱ्याने एखाद्या समुपदेशकाबरोबर एक आठवडा काढला असता तर तो असा आला नसता. समुपदेशक आणि वैद्यकीय समाजकार्य करणारे लोक तर इतकी वर्षं यादीतच नव्हते. २०२४च्या करवर्षापासून ते आले.

यादीत नाव आलं तेव्हा मी त्या डायरीवाल्या बाईंना स्वतः फोन केला. त्यांना ३,००० डॉलर लागू होत होते. पण राज्याचा त्यांचा कर होता अकराशेच्या आसपास. जिला कित्येक तासांचे पैसेच मिळत नाहीत तिचं उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून कर कमी, आणि कर कमी म्हणून क्रेडिटही वापरता येत नाही. उरलेले एकोणीसशे तीन वर्षं पुढे नेता येतात, पण पुढच्या वर्षीही कर तेवढाच असणार. तिच्यासारखंच लायसन्स असलेल्या, पण चांगली कमाई करणाऱ्याला मात्र पूर्ण तीन हजार मिळतात. वर ज्या एका वाक्याच्या फरकाचं बोलले, तो हा. माजी सैनिकांसाठीचं क्रेडिट उरलेली रक्कम परत देणारं नसेल, तर ज्याने जास्त दिलं त्याला कमी मिळेल. यावर तडजोड करू नये, इतकं माझं मत पक्कं आहे. रक्कम लहान ठेवा, हवं तर एकूण खर्चाला वर्षाची मर्यादा घाला, पण ती पूर्ण हातात पडू द्या.

पुराव्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, त्यावर पुढे एक पूर्ण प्रकरण आहे. समोरचा माणूस फौजेत होता हे सिद्ध करायला सेवामुक्तीचा दाखला असतो, डीडी-२१४. पण समुपदेशकाने त्याची प्रत करखात्याच्या तपासणीसाठी फाइलला लावायची का? माणूस तिच्याकडे आला होता कोणाला कळू नये म्हणून. बंदूक काढून घेतील, सुरक्षा-मंजुरी जाईल, ट्रक चालवायचं लायसन्स जाईल, अशी भीती त्याच्या डोक्यात असते, आणि ती चुकीची असली तरी खरी असते. करखात्याच्या कुठल्याही कागदावर रुग्णाचं नाव येता कामा नये. राज्याच्या माजी सैनिक विभागाने दाखला पाहून नुसता क्रमांक द्यावा आणि समुपदेशकाने वर्षअखेरी क्रमांकांपुढचे तास कळवावेत, अशी एखादी रचना होऊ शकते. ती थोडी महाग पडेल, पण विश्वास मोडण्यापेक्षा स्वस्तच.

एक मर्यादाही मोकळेपणाने सांगायला हवी. टेक्सस आणि फ्लोरिडा ही सर्वाधिक माजी सैनिक असलेल्या राज्यांपैकी दोन, आणि या दोन्ही राज्यांत व्यक्तींवर प्राप्तिकरच नाही. जिथे कर नाही तिथे करातली सूट कशी देणार? तिथे थेट अनुदान किंवा शिक्षणकर्जाची परतफेड हेच मार्ग उरतात. २०१५ सालच्या क्ले हंट कायद्याने व्हीएमध्ये येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांसाठी कर्जफेडीची योजना आणली. इराक आणि अफगाणिस्तानात लढलेल्या आणि २०११ मध्ये स्वतःचा जीव घेतलेल्या एका मरीनचं नाव त्या कायद्याला आहे. तरुण तज्ज्ञाला गावात आणायला कर्जफेडच अधिक उपयोगी पडते, असं मलाही वाटतं. क्रेडिटचं काम वेगळं: जी माणसं आधीच गावात आहेत, दमली आहेत आणि तरी दार उघडं ठेवून आहेत, ती टिकावीत.

या वर्षी बाई खोकं घेऊन आल्या तेव्हा मी या पुस्तकाचं हस्तलिखित त्यांना दाखवलं. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणून तासांच्या तक्त्यावर बोट ठेवून मी समजावत होते: कोणता तास मोजावा, कोणता नाही. त्यांनी डायरी उघडली. गुरुवारच्या पानांवर दुपारी चारसमोर एकच आद्याक्षर, पुढे तारा, आणि त्यावर सलग सहा आठवडे काट मारलेली. सत्तर मैलांवरच्या एका रँचवर काम करणारा माणूस. आठ बैठका आला, मग यायचा थांबला. फोन उचलत नाही, पण नंबर बंदही केलेला नाही.

"हे सहा तास मोजायचे का?" त्यांनी विचारलं.

आजच्या कुठल्याही मसुद्यात त्यांच्यासाठी जागा नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. येत्या गुरुवारी चारसमोर तेच आद्याक्षर होतं. ती वेळ त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही.